‘अजून दोन किलो घ्या’ म्हणाले तर…

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र, थोडं कमी करून:

“मी ४१ वर्षांची, वजन ५८ किलो. गेल्या वर्षी अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला. यंदा मार्चमध्ये मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटावर डायव्हिंगला गेलो. ३ मिलिमीटरचा सूट होता, कमरेला खाली जाण्यासाठी सहा किलो शिसं. पण मी खाली जाईचना. गाइडने आणखी दोन किलो घातलं तेव्हा दगडासारखी गेले. मग सगळा वेळ अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा भर, सोड, परत भर. पाय सतत मारत होते, पोटऱ्यांत गोळे आले. एकदा पायातली फिन प्रवाळाला लागली आणि त्याची फांदी माझ्यासमोर तुटली, ते अजून मनातून जात नाही. इतरांच्या सिलिंडरमधली हवा ९० बारवर होती तेव्हा माझी ५०वर आली. शेवटी सुरक्षेसाठी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं होतं, तिथून मी फुग्यासारखी वर निघाले. जॅकेटच्या नळीचं बटण दाबत होते तरी थांबेना. घाबरून दात आवळले, श्वास रोखून धरला. डोकं बाहेर यायला हातभर उरलं असताना गाइडने येऊन माझ्या खांद्यावरची दोरी ओढली. केवढी तरी हवा भसाभस बाहेर गेली आणि आम्ही दोघं परत खाली गेलो. बोटीवर तो म्हणाला, ‘मॅडम, पुढच्या वेळी अजून दोन किलो घ्या.’

नवऱ्याने ऑनलाइन एक जुना सेट बघितलाय, जॅकेट आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र), पंचवीस हजारांत. ‘दहाच वेळा वापरलाय, सहा वर्षं कपाटात आहे’ असं विकणारा म्हणतो. स्वतःचं सामान असलं की जमेल का? की हे माझ्या अंगातच नाही? सासूबाई म्हणतात, आता पुरे. डिसेंबरमध्ये परत जायचं ठरतंय.”

ताई,

बाकी सगळं नंतर. आधी तो रोखलेला श्वास.

पाच मीटरवर अंगावर दीड बार दाब असतो, वर आल्यावर एक. म्हणजे खाली छाती भरून चार लिटर हवा घेतली आणि तोंड मिटलं, तर वर पोचेपर्यंत ती सहा लिटर व्हायला बघते. छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुसाच्या नाजूक पिशव्या फाटतात आणि हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. छाती पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम सव्वा-दीड मीटर वर येणंही त्याला पुरतं. छातीत दुखणं, आवाज घोगरा होणं, गळ्यापाशी कातडीखाली कुरकुरणारी सूज, चक्कर, हातापायांना मुंग्या, जीभ जड होणं, यातलं काहीही त्या दिवशी झालं असतं तर तिथल्या तिथे ऑक्सिजन लावून तुम्हाला डॉक्टरांकडे न्यावं लागलं असतं. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही, मध्ये इतके महिने गेले, म्हणजे निभावलं. तरी डिसेंबरच्या आधी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना हा प्रसंग सांगून एकदा छाती तपासून घ्या.

श्वास रोखायचा नाही हा नियम तुम्हाला कोर्सच्या पहिल्या दिवशी शिकवला असणारच. पण भीती वाटली की दात आपोआप आवळले जातात, त्यात तुमची चूक काढण्यासारखं काही नाही. म्हणून ही गोष्ट अंगात मुरवावी लागते. मनाविरुद्ध वर जायला लागलात की पहिलं काम बटणाचं नाही, गळ्याचं. रेग्युलेटर तोंडातच ठेवून ‘आऽऽ’ म्हणत राहायचं. आवाज निघतोय म्हणजे घसा उघडा आहे, हवा बाहेर जातेय. मग हातपाय पसरून आडवं व्हायचं, म्हणजे पाण्याचा अडसर वाढून वेग कमी होतो. आणि त्याच वेळी जॅकेटमधली हवा सोडायची. पोहण्याच्या तलावात हे दहा वेळा केलंत की अकराव्या वेळी विचार करावा लागणार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण उत्तर त्यातच आहे. गाइडने दोरी ओढल्यावर “केवढी तरी हवा भसाभस बाहेर गेली”. वजन कमी पडून माणूस वर जातो तेव्हा त्याचं जॅकेट रिकामं असतं. सोडायला हवाच शिल्लक नसते आणि तरी तो तरंगतो. तुमच्या जॅकेटमध्ये हवा मावत नव्हती. म्हणजे तुम्हाला वर नेलं ते त्या हवेने, आणि ती हवा तिथे आली कारण कमरेला नको इतकं शिसं होतं. यावर अजून दोन किलो चढवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पुढच्या वेळी तुम्ही त्याच जागेवरून आणखी जोरात वर जाल.

हिशेब करून दाखवते. समजा चार किलो वजन जास्त आहे. ते तोलायला जॅकेटमध्ये साधारण चार लिटर जादा हवा भरावी लागते. दहा मीटरवर दाब दोन बार. तिथून तुम्ही पाचवर आलात, दाब दीड बार झाला, तर तीच चार लिटर हवा फुगून सव्वापाच लिटरच्या वर जाते. बटणाला हात न लावता तुम्हाला एक किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास वरची ओढ लागली. ती ओढ तुम्हाला आणखी वर नेते, वर गेलं की हवा आणखी फुगते, की ओढ आणखी वाढते. पाणी जितकं उथळ तितकं हे चक्र जोरात फिरतं, कारण दाबाचा सगळ्यात मोठा फरक वरच्या दहा मीटरमध्येच असतो. तिथे हवा थेट दुप्पट होते. वीस मीटरवरून दहावर येताना ती दीडपटच होते. पाच मीटरवरचा थांबा नवख्यांना जड जातो तो यामुळेच. आता जादा हवा एकच लिटर असती तर? त्याच पाच मीटरच्या प्रवासात तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा फरक पडला असता. तेवढा तर एका लांब उच्छ्वासाने मोडतो.

हे तुम्हाला नवीन नाही, ताई. गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा किंवा भोपळा बांधायचे, तो सुटल्यावर पहिल्यांदा उताणं पडून तरंगताना काय कळायचं? छाती भरली की अंग वर, श्वास सोडला की आधी पाय आणि मग कंबर खाली. शहरातल्या तलावात शिकलेल्यालाही हे ठाऊक असतं. साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आतबाहेर होते, लांब श्वासात दोन लिटरसुद्धा. आणि एक लिटर म्हणजे साधारण एक किलोची उचल. म्हणजे छातीत आपण दोन किलोचं जॅकेट जन्मापासून घेऊन फिरतो. बाहेरच्या जॅकेटचं काम फक्त मोठा फरक भरून काढण्याचं, सूट खोलात दबतो तेव्हा, किंवा बोटीपाशी तरंगत राहायचं असतं तेव्हा. जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र बनवलं, त्यानंतर कितीतरी वर्षं पाणबुड्यांच्या अंगावर फुगवायचं जॅकेट नव्हतंच. वजन नेमकं बांधायचं आणि बाकी तोल श्वासावर सांभाळायचा, एवढ्यावर ती माणसं समुद्रात फिरत होती.

मग सहाचे आठ झाले कसे? हे मी बोटींवर अनेकदा बघितलंय, म्हणून ठामपणे सांगते. नवीन माणूस पाण्यात उतरतो तेव्हा घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस श्वास घेतो पण पुरता सोडत नाही, छातीत दीड-दोन लिटर हवा अडकून राहते. कोरड्या सुटात पाठीवर आणि काखेत हवेचे फुगे असतात. आणि खाली जायचंय म्हणून तो नकळत पाय मारत राहतो, उभ्या अंगाने मारलेली फिन त्याला वरच ढकलते. तीनही गोष्टी मिनिटभरात निवळणाऱ्या आहेत. पण बोटीवर पुढची तुकडी ताटकळलेली असते, गाइडकडे शिशाच्या चकत्या हाताशी असतात, आणि दोन किलो घातलं की माणूस पटकन खाली जातो. त्या गाइडला मी वाईट म्हणत नाही, वेळेवर पोचून त्याने तुम्हाला धरलं. पण खाली गेल्यावर ते दोन किलो काढायला कोणी येत नाही. पुढची चाळीस मिनिटं तुम्ही त्यांची किंमत मोजलीत.

तुमचे पायातले गोळे आणि संपलेली हवाही तिथलीच. शिसं कमरेला, हवा जॅकेटच्या वरच्या भागात, म्हणजे खांद्यापाशी. अंग उभं होतं, पाय खाली लोंबतात. उभ्या अंगाने पाय मारले की पुढे कमी आणि वर जास्त जाता. वर जाऊ नये म्हणून हवा सोडता. हवा सोडली की पाय थांबवताक्षणी बुडता. म्हणून पाय थांबवताच येत नाहीत. प्रवाळाला फिन लागली ती याच लोंबत्या पायांमुळे. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं, पण गोल दगडासारखं दिसणारं सेंटिमीटरभरही वाढतं-न वाढतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आपल्याकडच्या प्रवाळांना वाघाच्या रांगेत बसवलंय. ती तुटलेली फांदी तुमच्या मनातून जात नाही हे वाचून मला खरंच बरं वाटलं. बऱ्याच जणांना काही तुटलं हे कळतही नाही.

आता वजन ठरवायचं कसं. बोटीच्या कडेला, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, सगळं सामान अंगावर. सूट आधी पाण्याने भरू द्या, गळ्यापाशी ओढून आत पाणी घ्या आणि हवा दाबून बाहेर काढा. रेग्युलेटर तोंडात. जॅकेट पूर्ण रिकामं करा. पाय एकमेकांत अडकवा, म्हणजे मारले जाणार नाहीत. साधा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाण्याची रेघ डोळ्यांपाशी यायला हवी. मग श्वास सोडा, पूर्ण सोडा, तळापर्यंत. हळूहळू बुडायला लागलात तर वजन बरोबर. श्वास भरलेला असतानाच बुडालात तर जास्त आहे, एक किलो काढा आणि परत बघा. सोडल्यावरही डोकं बाहेरच राहिलं तर एक किलो घाला.

यात एक गोष्ट धरायची राहते, ती म्हणजे हवेचं वजन. आपल्याकडे सहसा मिळतो तो अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर अकरा लिटरचा. २०० बारवरून ५० बारपर्यंत आलात म्हणजे साधारण १,६५० लिटर हवा वापरली. एक लिटर हवा सव्वा ग्रॅमच्या जरा आत, म्हणजे तुम्ही दोन किलोने हलक्या झालात. म्हणून भरलेल्या सिलिंडरने ही परीक्षा केली तर वर दोन किलो धरायचे, म्हणजे शेवटच्या थांब्याला तुम्ही तरंगणार नाही. सिलिंडर ५० बारवर आलेला असताना, डाइव्ह संपल्यावर ही परीक्षा केली तर काही धरायचं नाही. तीच सगळ्यात खरी परीक्षा. तुमचं वजन आणि ३ मिलिमीटरचा सूट बघता माझा अंदाज हे दोन किलो धरूनही साडेचार-पाच किलोचा आहे. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, पाणी काय सांगतं ते बघा. एकदम आठवरून पाचवरही येऊ नका. पहिल्या डाइव्हला सहा, मग एकेक किलो खाली, दरवेळी इन्स्ट्रक्टरला सांगून.

ठाण्यात तलावात सराव केलात तर एक लक्षात ठेवा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड. तुम्ही आणि तुमचं सामान मिळून ऐंशी किलो धरलं तर तलावात समुद्रापेक्षा दोन किलो कमी लागतील. तलावातला आकडा तसाच नेत्राणीला नेलात तर परत “खाली जाईचना” आणि परत कोणीतरी चकत्या घेऊन येईल.

तलावात काय करायचं? पोट तळाला टेकवून पालथ्या झोपा, जॅकेटमध्ये चिमूटभर हवा घाला, इतकी की श्वास घेतला की छाती उचलली जाईल आणि सोडला की परत टेकेल, फिनची टोकं मात्र तळालाच. हे जमलं की पाय सोडून अधांतरी राहायचं. इथे सगळे एकच चूक करतात. श्वास घेतल्यावर अंग लगेच उचललं जात नाही, दोनेक सेकंद जातात. तेवढ्यात वाटतं की काही होत नाहीये, म्हणून माणूस बटण दाबतो. मग श्वासाची आणि बटणाची उचल एकदम येते. तेव्हा घेतलेल्या श्वासाला वेळ द्या. मी शिकवताना सांगते, बटण दाबावंसं वाटलं की आधी एक पूर्ण श्वास आतबाहेर करा आणि मग ठरवा. दहापैकी सात-आठ वेळा बोट मागे येतं.

“नळीचं बटण दाबत होते तरी थांबेना” याची दोन कारणं असू शकतात. नळीच्या टोकाला दोन बटणं असतात, एक हवा भरणारं आणि एक सोडणारं. घाबरलेल्या बोटाला ती सारखीच लागतात. दुसरं म्हणजे हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. नळी छातीपाशी धरून बटण दाबलं तर हवा खांद्यातच राहते. नळी डोक्याच्या वर, हात सरळ ताणून, मग बटण. अंग उभं असेल तर खांद्यावरची दोरी, डोकं खाली आणि कंबर वर असेल तर कमरेमागची. या दोन्ही दोऱ्यांची टोकं कुठे लोंबतात ते घरी डोळे मिटून शोधायचा सराव करा. प्रत्येक जॅकेटची जागा थोडी वेगळी असते, भाड्याचं जॅकेट घेतलंत तर बोटीवरच दोन मिनिटं हेच करायचं.

आता नवऱ्याने बघितलेला सेट. माझं उत्तर ‘नको’ आहे.

सहा वर्षं कपाटात होता, ही त्या विकणाऱ्याला जमेची बाजू वाटते, मला नाही. रेग्युलेटरच्या आत रबराच्या रिंगा, पातळ पडदे आणि झडपेखालच्या मऊ गाद्या असतात. वापरून झिजतात तशा न वापरताही त्या सुकतात. शेवटच्या डाइव्हनंतर आत राहिलेलं मीठ खडे धरून बसतं. रेग्युलेटरची पहिली पायरी २०० बारची हवा नऊ-दहा बारवर आणते, दुसरी पायरी ती आजूबाजूच्या दाबाइतकी करून तोंडात देते. सुकलेली गादी नीट बसली नाही की हवा न थांबता वाहू लागते आणि सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. रेग्युलेटर बनवणारे वर्षा-दोन वर्षांनी सर्व्हिसिंग सांगतात, डाइव्ह कितीही कमी झाल्या तरी. सहा वर्षांनी त्या मॉडेलचे सुटे भाग मिळतील का हाही प्रश्न. सर्व्हिसिंग, नवीन नळ्या, जॅकेटच्या झडपा असं करत तुमचे पंचवीसचे चाळीस हजार सहज होतील. नवऱ्याचं मन मोडवत नसेल तर विकणाऱ्याला सांगा, पैसे देण्याआधी त्या कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडे दाखवू आणि सिरीयल नंबर तपासू. जॅकेट फुगवून रात्रभर ठेवायचं, सकाळी तितकंच टणक हवं. याला तो तयार झाला नाही तर विषयच मिटला.

स्वतःचं घ्यायचंच असेल तर आधी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क, मग फिन, मग डाइव्ह कॉम्प्युटर. कॉम्प्युटर यासाठी की वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या पुढे गेला की तो हातावर ओरडतो. जॅकेट आणि रेग्युलेटर पन्नासेक डाइव्ह झाल्यावर, स्वतःची सवय काय ते कळल्यावर.

आणि “स्वतःचं सामान असलं की जमेल का” याला आकडेच उत्तर देतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळात डायव्हिंग करताना झालेल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घटनांमध्ये सुरुवात कशाने झाली ते कळलं, त्यांत ४१ टक्के वेळा हवा संपत आली होती, २० टक्के वेळा माणूस कशात तरी अडकला होता आणि सामानातला बिघाड १५ टक्के वेळा होता. त्यानंतरची घातक पायरी निम्म्याहून जास्त वेळा एकच, घाईघाईने वर येणं. तुमच्या त्या डाइव्हकडे परत बघा. हवा इतरांच्या आधी संपत आली, आणि वर येणं हातात राहिलं नाही. पंचवीस हजारांच्या जॅकेटने यातलं काहीच बदलत नाही.

पण सामानाकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही, उलटच. बारा-तेरा वर्षांपूर्वी अठरा मीटरवर माझं जॅकेट आपोआप फुगायला लागलं. बटणाला हातही लावला नव्हता. आदल्या आठवड्यात वाळूच्या किनाऱ्यावरून आत-बाहेर केलं होतं आणि नंतर ते वरवर धुतलं होतं. बटणाच्या दांड्याखाली मिठाचा आणि वाळूचा कण बसला, झडप उघडीच राहिली. मला वाचवलं ते एका सवयीने. उजव्या हाताने खांद्यावरची दोरी ओढून धरली आणि डाव्या हाताने सिलिंडरकडून हवा आणणाऱ्या नळीच्या जोडावरची खरखरीत कडी मागे सरकवून ती नळी जॅकेटपासून सोडवली. हवा यायची थांबली. नंतर लागेल तेव्हा जॅकेटच्या स्वतःच्या नळीत तोंडाने फुंकर घालून जॅकेट भरलं आणि सावकाश वर आले. ती कडी कोरड्या हाताने, दिवाणखान्यात बसून, डोळे मिटून वीस वेळा काढा-घाला. ओल्या हाताला ती निसटते, हातमोज्यात तर हमखास. आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी नळीच्या तोंडातून गोडं पाणी जॅकेटमध्ये ओता, हलवा, बटणं दाबत दाबत ते बाहेर काढा. सामान भाड्याचं असेल तर निघण्याआधी तेच बटण दहा वेळा दाबून बघा. चिकटतंय असं वाटलं तर ‘बदलून द्या’ म्हणायला लाजू नका.

पाण्यात उतरण्याआधी दोघांनी एकमेकांचं सामान बघायचं असतं, ते तुम्हाला कोर्समध्ये शिकवलंय. जॅकेट, वजन, बकल, हवा, शेवटी मास्क-फिन. गर्दीच्या बोटीवर नेमकं हेच गळतं. यातल्या दोन जागा मी कधी सोडत नाही. एक, वेट बेल्टचं बकल जॅकेटच्या पट्ट्याखाली दबलेलं नको, एका हाताने खेचलं की बेल्ट मोकळा पडला पाहिजे. दुसरी, सिलिंडरचा नॉब. काटा २०० दाखवतोय म्हणून खुश होऊ नका. काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार दमदार श्वास घ्या. दर श्वासाला काटा खाली पडून परत वर येत असेल तर नॉब पुरता उघडलेला नाही. वर श्वास येत राहतो आणि वीस मीटरवर तोच श्वास तोंडाशी येऊन अडतो. पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायची जुनी पद्धत कोणी सांगितली तर मी तरी मानत नाही, त्यात बंद करून पाव फेरा उघडलेला नॉबही हाताला तसाच लागतो. आणि त्या श्वासांना तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर परत करायचा, बाकीच्यांनाही सांगायचं.

सासूबाईंना सांगा, त्यांची काळजी खोटी नाही. जमलं तर एखाद्या रविवारी तलावावर घेऊन जा त्यांना. सून पाण्यात अधांतरी शांत पडलीय, हात जुळवलेले, पाय हलत नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं की बोलणं वेगळं होईल. आणि ‘अंगातच नाही’ हा विचार काढून टाका. आठ किलो बांधून कोणीही त्या दिवशी तुमच्यासारखंच वर गेलं असतं.

डिसेंबरपर्यंत तलावात चार-पाच बैठका होतील. नेत्राणीला पोचल्यावर बोटीवर चढण्याआधी गाइडला बाजूला घेऊन एवढंच म्हणा: “दादा, माझं वजन मागच्या वेळी जास्त होतं. मला उतरल्या उतरल्या पाच मिनिटं द्या, मी वजन तपासून घेणार आहे आणि खाली जायला मला वेळ लागेल.” चांगला गाइड यावर आनंदाने हो म्हणतो. जो म्हणत नाही त्याच्याबरोबर उतरू नका.

डाइव्ह झाल्यावर लॉगबुकात माशांची नावं लिहायच्या आधी पाच गोष्टी लिहा. सूट कुठला, सिलिंडर कुठला, किती किलो, किती बारवर वर आलात, आणि पाच मीटरच्या थांब्याला जॅकेटमध्ये हवा होती की नव्हती. पाचव्या गोष्टीसमोर ‘जवळजवळ नव्हती’ असं लिहिता आलं, तर तो किलोचा आकडा मला नक्की कळवा.